सहावं तोंड

१

तिसरा पिस्टन वितळला नसता, तर त्या गॅरेजात जवळजवळ प्रत्येकाच्या पदरात काहीतरी पडणार होतं. उस्तादच्या पदरात नाव. चाळीस वर्षं लोकांच्या गाड्यांखाली पाठीवर पडून जे मिळालं नव्हतं, ते सोमवारी सकाळी अकरा वाजता, एका रेसिंग टीमच्या मुख्य इंजिनिअरसमोर, पडद्यावरच्या आकड्याच्या रूपाने मिळायचं होतं. आकडा आला, तर टीमची पुढच्या मोसमाची सगळी इंजिनं याच शेडमध्ये बांधली जाणार. उस्तादच्या लेकीला, जिला सगळे ताई म्हणत, टीमची गाडी चालवून दाखवायची संधी मिळणार. जावयाला टीमच्या तंत्रखोलीत खुर्ची. आणि ती इतकी पक्की, की त्याने पाठीला लावायची उशीसुद्धा आधीच बघून ठेवली होती. काकूंना, म्हणजे उस्तादच्या बायकोला, यातलं काहीच नको होतं. नवऱ्याने एकदाचं ‘झालं’ म्हणावं आणि दुपारी घरी येऊन झोपावं, एवढीच त्यांची मागणी.

मिळायचं नव्हतं ते फक्त भागीदाराला. शेडची निम्मी जागा त्याची. इंजिनं चालली तर जागा अडकली. इंजिनं बुडाली तर तिथे टायरचं चकचकीत दुकान.

म्हणून सोमवारी साडेनऊला, पाहुणे यायच्या आधीच्या पहिल्याच धावेत ते इंजिन फुटलं, तेव्हा सगळ्या माना एकाच माणसाकडे वळल्या.

फुटलं ते डायनोवर. डायनो म्हणजे जमिनीत बसवलेले रोलर. गाडी पट्ट्यांनी जखडायची, चाकं रोलरवर ठेवायची आणि जीव खाऊन पळवायची. गाडी कुठेही जात नाही, तिची ताकद मात्र पडद्यावर उमटते. या गाडीने सहा सेकंद ताकद दाखवली. सातव्या सेकंदाला इंजिनाचा एक लोखंडी तुकडा पोट फाडून बाहेर आला आणि रोलरचं मोजणारं यंत्र फोडून गेला. डायनो शेजारच्या शेडमधल्या रोलरवाल्याचा. त्याचा विमा होता. म्हणून शुक्रवारी विमा कंपनीने आपल्या सर्व्हेयरबाईंना पाठवलं.

एकतीस वर्षं बाई मोडलेल्या गाड्या वाचत आल्या होत्या. त्यांचं एक मत पक्कं झालेलं होतं: मोडलेली वस्तू खोटं बोलत नाही. ते काम माणसांचं, आणि माणूस उगीच खोटं बोलत नाही, त्यात त्याचा काहीतरी लाभ असतो. म्हणून त्या आधी लाभ शोधत आणि मग बिघाड.

त्यांना फॉर्मवर एकच ओळ भरायची होती. ‘कारण’.

या वेळीही त्या लाभाच्याच वाटेने गेल्या, आणि पहिल्यांदाच चुकल्या.

२

गाडी पुन्हा गॅरेजात आणून ठेवली होती. सर्व्हे होईपर्यंत हात लावायचा नाही, अशी चिठ्ठी काचेवर. दोन दारांची जुनी गाडी, बाहेरून अगदी गरीब. बॉनेट उघडलं की मात्र तिचं खरं रूप दिसे: फुटबॉलएवढा टर्बो, चकाकते पाइप, आणि सगळ्यावर स्फोटात उडालेल्या ऑइलचा काळा थर.

“टर्बो हवा कोंबतो,” ताई सांगत होती. तिशीची, बोलताना हात मागे बांधून उभी राहणारी. “हवा जास्त, ताकद जास्त. पण अति झालं तर इंजिन स्वतःलाच जाळतं. म्हणून ही झडप. दाब ठरल्या आकड्याला आला की ही करंगळीएवढी रबरी नळी झडपेला तसं कळवते, आणि झडप उघडून जादा झोत बाहेर सोडते. दाब दीडच्या आत थांबायला हवा होता. सव्वादोनच्या वर गेला.”

“गाडी तुम्ही चालवत होतात?”

“मीच. काटा दिसला, पाय उचलला. पाय उचलेपर्यंत सगळं संपलं होतं.”

बाईंनी हातपंपाने झडप हलवून पाहिली. लोण्यासारखी उघडत होती. नळी काढून तिच्यातून फुंकलं. साफ. टोकाजवळ बोराएवढ्या जागी नळी जराशी फुगलेली वाटली, पण रबर आहे, तापलं असेल, म्हणून त्यांनी ती बाजूला ठेवली.

“मग राहिला नकाशा,” मागून कुणीतरी म्हणालं. “तो माझा. चूक माझीच आहे.”

जावई. हातात लॅपटॉप, डोळ्यांखाली चार दिवसांची जागरणं. किती इंधन, केव्हा ठिणगी, कुठे थांबायचं, हे सगळं इंजिनाला सांगणारा तो नकाशा याने बनवलेला.

“दाब अति झाला की इंधन तोडून इंजिन वाचवणारी एक मर्यादा असते,” तो म्हणाला. “मी ती काढून ठेवली होती.”

“का?”

“वरच्या टोकाला गाडी अडखळत होती.”

“कुणी सांगितलं काढायला?”

तो उत्तराला एक श्वास उशीर करून म्हणाला, “कुणी नाही. मीच.”

प्रश्नाआधी कबुली देणारे लोक बाईंना एकतीस वर्षांत चार भेटले होते. तिघे खोटं बोलत होते आणि चौथा प्यायलेला होता. त्यांनी जावयाचे हात पाहिले. लॅपटॉपवाल्याचे असतात तसेच, गोरेगोमटे. फक्त उजव्या अंगठ्याच्या नखाशेजारची कातडी घासून घासून लाल झालेली, आणि तरीही कडेला पिवळा ठिपका राहिलेला.

पिवळं तर सगळीकडेच होतं. प्रत्येक बोल्टवर, प्रत्येक पट्टीवर पिवळ्या रंगाच्या रेघा.

“ही बाबांची पद्धत,” ताई म्हणाली. “बोल्ट आवळला की त्याच्यावरून खालच्या भागावर एक रेघ मारायची. बोल्ट हलला तर रेघ तुटते, लांबूनही कळतं. बाबांची पिवळी, माझी निळी.”

“पण इथे तर एकेका बोल्टवर दोन दोन रेघा आहेत. इथे तीन.”

“ते... पुन्हा पुन्हा तपासतात.”

“आताशा फारच काळजी घेतात,” काउंटरमागून काकू म्हणाल्या. त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

भिंतीवर एक फळी होती. तिच्यावर खिळ्यांना रबरी बुचं टांगलेली, प्रत्येकाला वीतभर लाल फीत. डायनोच्या आदल्या दिवशी टर्बोकडून निघणाऱ्या हवेच्या वाटेची सगळी तोंडं या बुचांनी बंद करायची, आत हवा भरायची आणि साबणाचं पाणी फासून कुठे बुडबुडे येतात ते बघायचं. फीत अशासाठी, की बूच आत विसरलं तर शेपटी बाहेर लोंबताना दिसावी. शेपट्या मोजून फळीवर लागल्याशिवाय किल्ली फिरवायची नाही, हा उस्तादचा कायदा.

बाईंनी मोजल्या. सहा. सगळ्या जागच्या जागी.

“बघितलंत?” जावई घाईने म्हणाला. “हातकामात काही खोट नाही. लिहून टाका, नकाशा.”

इतक्या उत्साहाने स्वतःच्या गळ्यात दोर घालणारा माणूस बाईंनी पाहिला नव्हता. त्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि विचारलं, “तुमचे भागीदार कुठे भेटतील?”

३

भागीदार शेडच्या आपल्या अर्ध्या भागात खुर्ची टाकून बसला होता. गॅरेजात त्याला पाठीमागे फूटपट्टी म्हणत, आणि त्याला ते माहीत होतं.

“या, बसा. माझ्यावर संशय आहे ना? असायलाच हवा. तुमच्या जागी मी असतो तर मीही घेतला असता.”

“सोमवारी साडेआठला तुम्ही डायनोच्या शेडमध्ये एकटे गेला होतात, असं रोलरवाला सांगतो.”

“गेलो होतो. टेप घेऊन. तीही जागा रिकामी होणार असं कानावर आलं होतं. लांबी बघितली, रुंदी बघितली, खांब मध्ये येतो म्हणून हळहळलो आणि बाहेर आलो.” त्याने डायरी उघडून दाखवली. बाईंनी नंतर स्वतः टेप लावली. आकडे इंचाला जुळले, खांबासकट. माणूस वाईट होता, पण त्या सकाळी तो आपल्या कामात होता.

“इंजिन फुटलं आणि लाभ तुमचा झाला.”

“झाला की. पण बाई, मी नुसता बसून राहिलो असतो तरी झालाच असता. वर्ष, दीड वर्ष.” त्याने आवाज खाली आणला. “दोन महिन्यांपूर्वी उस्तादने माझ्या गाडीत ऑइल भरलं. छान गप्पा मारत भरलं. दहा मिनिटांनी परत आला, झाकण उघडलं आणि पुन्हा भरलं. मी म्हटलं, अहो उस्ताद, आत्ताच तर. तर हसला. म्हणे, थट्टा करता काय.”

“मग?”

“मग काय. मी कुणाला बोललो नाही. वाट बघायची ठरवलं.”

हे तो इतक्या शांतपणे म्हणाला, की बाईंना त्याच्यापेक्षा एखादा सरळ गुन्हेगार परवडला असता.

“आणखी एक,” त्या उठताना तो म्हणाला. “स्फोट झाला तेव्हा धुराने सगळे बाहेर पळालो. उस्ताद खोकत होता, ताईला धरून काकू उभ्या, रोलरवाला बोंबलत होता. एक माणूस आत राहिला. दहा मिनिटं. बाहेर आला तेव्हा म्हणे, पंखा बंद करत होतो.” त्याने डायरी मिटली. “पंखा चालूच होता, बाई. धूर निघत होता ना त्याने.”

“कोण आत राहिलं?”

“आमचे जावईबापू. कबुलीवाले.”

४

उस्ताद गाडीशेजारी स्टुलावर बसला होता, मांडीवर स्फोटात बाहेर पडलेला तो वितळलेला पिस्टन. पासष्टीचा, खांदे अजून भक्कम, आणि डोळे असे की समोरच्याचा पोकळ आवाज लगेच पकडतील.

“बसा. चहा घेणार?”

काकूंनी चहा आणून ठेवला आणि नवऱ्याच्या खांद्यामागे उभ्या राहिल्या.

“जावई म्हणतात, नकाशा चुकला,” बाईंनी सुरुवात केली.

उस्ताद हसला. “चांगला मुलगा आहे. पण मूर्खपणा बोलतोय. या गाडीत दाब लॅपटॉप ठरवतच नाही. मी मुद्दाम तसं ठेवलंय. टर्बोकडून नळी थेट झडपेला. मध्ये तार नाही, संगणक नाही. नकाशा चुकला तर इंजिनाला वाचवणार नाही, हे खरं. पण मारणार कसा? दाब वाढवणं त्याच्या हातातच नाही.”

एवढी सरळ गोष्ट आपल्याला कशी दिसली नाही, म्हणून बाई मनातल्या मनात शरमल्या.

“मग मारलं कुणी?”

“झडप चांगली आहे. म्हणजे झडपेला कळलंच नाही.” त्याचं बोट हवेत नळीच्या वाटेने चाललं, टर्बोपासून झडपेपर्यंत, आणि मध्येच थांबलं. “का कळलं नाही? इथेच काहीतरी आहे. मी सकाळपासून शोधतोय. शेपट्या मोजल्या. सहा आहेत.” त्याच्या कपाळावर आठी पडली. “सहा. बरोबर आहेत. पण मला ते सहा... बोचतंय काहीतरी. बाहेरच्या माणसाने तपासून कागदावर लिहून दिलं तर मी मानेन. घरचे सगळे माझी समजूत घालतायत असं वाटतं.”

“जेवून घ्या आधी,” काकू म्हणाल्या.

“कारण सापडल्याशिवाय घास उतरत नाही.” तो बाईंकडे वळला. “चहा घेणार?”

बाईंच्या हातातला कप अजून गरम होता. त्यांनी काकूंकडे पाहिलं. काकू जमिनीकडे बघत होत्या.

“घेईन,” बाई म्हणाल्या.

“घ्या. आणि हे बघा, जागेचा विषय माझ्याकडे काढायचा नाही.” उस्तादचा आवाज एकदम ताठ झाला. “भागीदाराशी बोला. तुम्ही त्या टायरवाल्यांकडूनच आलात ना?”

५

बाईंनी सगळ्यांना बाहेर काढलं आणि गाडीशी एकट्या राहिल्या.

इतका वेळ त्या रेघा मोजत होत्या. आता त्यांनी वाचायला घेतल्या. एका बोल्टवर तीन रेघा, कारण तीनदा तपासला. काळजीने नव्हे. तपासल्याचं आठवत नव्हतं म्हणून. दुसऱ्यांदा आला तेव्हा पहिली रेघ त्याला स्वतःचीच वाटली नसेल. पुन्हा पाना लावला, पुन्हा आवळला, पुन्हा एक रेघ. संपूर्ण इंजिनभर एका माणसाचं विसरणं पिवळ्या रंगात लिहून ठेवलेलं होतं, आणि घरचे त्याला काळजी म्हणत होते.

एकच जागा वेगळी होती. झडपेवर नळी आवळून धरणारी पट्टी. तिच्यावर एकच रेघ. सरळ, ठसठशीत. सकाळी नळी काढताना त्यांनी ती तोडली होती आणि तिच्याकडे पाहिलंही नव्हतं.

त्यांनी शेजारच्या बोल्टवर नख ओढलं. आधी काळं ऑइल निघालं, खाली पिवळं. मग पट्टीवर ओढलं. आधी पिवळं निघालं, आणि खाली ऑइल.

म्हणजे ही रेघ स्फोटानंतरची. कुणीतरी धुरात ही नळी उघडली, परत लावली, आणि तुटलेली जुनी रेघ पुसून उस्तादच्या रंगात नवी मारली. सगळीकडे दोन-तीन रेघा आहेत, हे घाईत त्याच्या ध्यानात आलं नाही.

पण उघडली कशाला? बाईंनी ती फुगीर जागा पुन्हा चाचपली. ताप असता तर नळी सबंध फुगली असती. ही बोराएवढ्या जागेत फुगली होती, सगळीकडून सारखी, एखादी गोल कडक वस्तू रात्रभर आत बसल्यावर फुगावी तशी.

त्यांनी हवेच्या वाटेची तोंडं मोजली. एक, दोन, तीन, चार, पाच आणि ही झडपेची नळी, सहा. फळीवर बुचं सहा. जुळत होतं. मग त्या फळीजवळ गेल्या आणि बुचं हातात घेऊन बघितली. पाच बुचांचं रबर काळपट, चिरलेलं, फिती ऑइलने कडक झालेल्या. सहावं बूच नवंकोरं होतं. त्याचा खिळाही चकाकत होता.

बूच कालपरवाचं, म्हणजे सोमवारी फळीवर पाचच होती.

आता सगळं इतकं सोपं झालं, की बाईंना खाली बसावंसं वाटलं. जुन्या गाड्यांना पाच तोंडं. म्हणून चाळीस वर्षं पाच बुचं. या गाडीला नवा टर्बो बसवला आणि एक तोंड वाढलं. रविवारी हवा भरायला बूच कमी पडलं. उस्तादने हाताशी होता तो बेअरिंगचा छर्रा नळीत दाबला, काम झाल्यावर काढू म्हणून. काम झालं. पाचही शेपट्या फळीवर गेल्या. त्याने मोजल्या: पाच. आयुष्यभराचा आकडा. बरोबर. मग नळी झडपेवर चढवली, पट्टी आवळली, रेघ मारली. पुन्हा येऊन तपासली, पुन्हा आवळली. जितक्यांदा तपासली तितक्यांदा पट्टी घट्टच होती. आत काय आहे ते पट्टी थोडीच सांगणार. दुसरं कुणी असतं तर एकदा घाईत तपासून विसरलं असतं. हा माणूस तपासून तपासून विसरला.

जावई बाहेर नळावर तोंड धूत होता.

“छर्रा कुठे आहे?” बाईंनी विचारलं.

त्याने पाणी बंद केलं नाही. तसंच वाहू दिलं. मग खिशात हात घातला आणि तळहात उघडला.

६

“पडद्यावर दाब बघितला तेव्हाच कळलं,” तो म्हणाला. “झडपेला कळत नाहीये. नळी काढली तर हा आत. बाहेर रोलरवाला, भागीदार. अकराला टीमचे लोक येणार. त्यांच्यासमोर बाबांना... नाही म्हणजे, नाही जमलं मला. रंगाचं पेन त्यांच्या एप्रनमध्ये होतं, एप्रन खुर्चीवर.”

“आणि मर्यादा? ती कुणी काढायला लावली?”

“सोडा ना.”

“उस्तादांनी?”

“शनिवारी. त्यांना आठवत नाही. पण मी ऐकायला नको होतं, बाई. माझा चार आणे वाटा आहेच.”

“म्हणजे उस्तादांना ठाऊक नाही, हे आपल्या हातून झालं ते.”

जावई हसला. ते हसणं बघवत नव्हतं.

“तुम्हाला शोधायला एक दिवस लागला. त्यांना सोमवारी दोन तास लागले. मी नकाशा नकाशा म्हणत होतो, त्यांनी ऐकून घेतलं नाही. नळी बघितली, तोंडं मोजली, शेपट्या मोजल्या आणि खाली बसले. म्हणाले, सहावं तोंड. बाकी काही नाही. ताईने उचलून घरी नेलं. रात्रभर रडत होते.” त्याने नळ बंद केला. “मंगळवारी सकाळी नऊला आले, गाडी बघितली आणि विचारलं, हे काय झालं? कुणी केलं?”

बाईंनी मागे वळून शेडच्या दाराकडे पाहिलं.

“दुपारपर्यंत पुन्हा शोधून काढलं. तसेच बसले. बुधवारी पुन्हा. तीन दिवसांत तीनदा, बाई. रोज नव्याने शोधतात, आणि रोज स्वतःच सापडतात. काल काकूंनी सहावं बूच आणून टांगलं, म्हणजे आकडा जुळेल. जुळला. पण आता कारणच सापडत नाही म्हणून जेवत नाहीत. त्यांना लेखी हवंय. बाहेरच्या माणसाचं. तुमच्या सहीने ‘नकाशा’ असं लिहिलेलं दिसलं, तर मानतील. रोज सकाळी दाखवता येईल.”

“गाडी हलवून टाका. भंगारात द्या.”

“दिली तर ती कुठे गेली म्हणून शोधतील.”

“तुम्हाला कळतंय का, हा कागद कुठे कुठे जाईल ते? टीमकडे पण जाणार.”

“हो. त्यांचा फोन आला होता. म्हणाले, गाडीचं राहू द्या, रिपोर्टमध्ये तुमचं नाव साफ असेल तर खुर्ची रिकामीच आहे.” त्याने छर्रा खिशात टाकला. “इंजिन जाळणाऱ्याला कोण देणार हो पुन्हा इंजिन. ते कळतंय मला.”

“ताईंना?”

“तिला बोललो नाही. तिने विचारलंही नाही. आम्ही दोघं आताशा एकमेकांना फारसं विचारत नाही.”

बाईंनी फॉर्म काढला. ‘कारण’ या शब्दासमोर त्यांचं पेन बराच वेळ टेकून राहिलं. शाईचा एक ठिपका पसरला. मग त्यांनी लिहिलं: जादा दाबाच्या वेळी इंधन तोडणारी मर्यादा नकाशातून काढलेली असल्यामुळे इंजिन वाचू शकले नाही. ओळीत एकही अक्षर खोटं नव्हतं. एकतीस वर्षांत इतकी लबाड ओळ त्यांनी लिहिली नव्हती.

त्या आत गेल्या आणि कागद उस्तादच्या हातात दिला. त्याने चष्मा लावून तो वाचला. सही बघितली, शिक्का बघितला. ‘वाचू शकले नाही’ या शब्दांवर त्याचं बोट थबकलं. काकूंनी पदर मुठीत धरला. पण बोट पुढे सरकलं. आणि सगळ्यांच्या देखत त्या माणसाची पाठ ताठ झाली. चार दिवस खांद्यावर वाहिलेलं काहीतरी उतरल्यासारखी.

“जावईबापू, इकडे या.”

जावई पुढे येऊन उभा राहिला.

“तुम्ही मर्यादा काढलीत?”

“हो, बाबा.”

“कुणाला विचारून?”

जावयाचा हात खिशातल्या छर्ऱ्याकडे गेला.

“अरे, कुणाला विचारून?” लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि सासऱ्याने जावयाला कधी अरे म्हटलं नव्हतं. “चाळीस वर्षं झिजलो मी या दिवसासाठी. एक इंजिन. एक सकाळ. तुझ्या त्या डब्यावर बोटं नाचवून तू... लाज वाटली नाही? बोल ना. माझ्या हाताखालचा कुणी एवढा निष्काळजी निघाला नाही आजवर. माझी मुलगी दिली तुला.”

“चुकलं, बाबा.”

“आजपासून माझ्या शेडमधल्या कुठल्याही गाडीला हात लावायचा नाहीस. कळलं?”

“कळलं.”

उस्तादने खोल श्वास घेतला आणि बायकोकडे वळला. आवाज आता साधा झाला होता, थकलेला. “भूक लागलीय गं. काय आहे?”

काकू वळल्या आणि डबा काढायला लागल्या. ताई खिडकीकडे तोंड करून उभी होती. तिने मान फिरवली नाही.

बाई निघाल्या. वाटेत त्यांनी सवयीने, कुणाला काय मिळालं आणि कुणी काय भरलं ते मनाशी मांडून पाहिलं. रोलरवाल्याला नवं यंत्र मिळेल. भागीदाराला शेड मिळेल, खांबाचं काय करायचं ते त्याचं तो बघेल. काकूंना घास घेणारा नवरा मिळाला, रोज सकाळी कागद दाखवण्याच्या बोलीवर. ताईची संधी गेली, आणि तिने ती मागितलीही नाही. बाईंची एकतीस वर्षं गेली. ती मोजणारं दुसरं कुणी नव्हतं, म्हणून त्यांनी स्वतःच मोजली. उस्तादने काहीच भरलं नाही. भरलेलं त्याच्यापाशी टिकत नव्हतं.

बाकीच्यांनी एकदा भरलं आणि ते सुटले. जावई दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी नऊला शेडमध्ये आला. उस्ताद गाडीसमोर उभा होता. त्याने विचारलं, हे काय झालं, कुणी केलं. काकूंनी कागद पुढे केला. उस्तादने चष्मा लावला, आणि जावई आपणहून दोन पावलं पुढे जाऊन त्याच्यासमोर उभा राहिला.